ताईच्या नावाची डिस्क

ऑफिसने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, माहिती साठवायला घेतलेल्या ज्या डिस्क आता कुठल्याच मशीनला जोडलेल्या नव्हत्या, त्या काढून टाकायचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं होतं. जागा उगाच अडून राहिली होती. यादी वाचता वाचता एका डिस्कपुढे ताईचं नाव दिसलं आणि तिचा हात थबकला. ताई तिची सख्खी मोठी बहीण. याच ऑफिसात बोट धरून तिनेच हे काम शिकवलं होतं. पुढे आईच्या आजारपणात दोघींचं बिनसलं, ताई दुसऱ्या गावी निघून गेली आणि चार वर्षं अबोला.

डिस्क काढण्याआधी ती ज्याच्या नावावर असेल त्याला विचारायचं, असा नियम होता. एरवी धाकटी मेल टाकून मोकळी व्हायची. आज तिने फोन लावला.

"ताई, तुझी एक जुनी डिस्क सापडलीय. ठेवू का?"

"त्यात काही नाही गं. काढून टाक."

एवढंच. पण फोन मात्र कोणीच ठेवेना.

"आवाज बसलाय तुझा," ताई अखेर म्हणाली. "सर्दी झालीय का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

फोन झाल्यावर तिने ती डिस्क काढून टाकली. मग यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, ताईच्या नावाची आणखी एखादी निघते का ते बघत.