पट्टीचं दुसरं टोक

जेवणाच्या टेबलाला नवऱ्यानं मधोमध भोक पाडलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. त्यानं टेबलाखाली राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं विजेचं यंत्र, उलटा टांगला आणि त्याचं फिरतं पातं भोकातून बोटभर वर काढलं. बाजूला एक सरळ फळी ठोकली. तो होडी बांधायला निघाला होता; तिची लांब लाकडी पट्टी त्या फळीला चिकटून सरकावी म्हणून लाकडाचीच एक फणी केली; तिचे दात पट्टीला हलकेच दाबून धरत. आता जेवायचं कुठं, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, मांडीवर.

सगळे त्याला पेंटर म्हणत. उभा जन्म त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याही हातानं सरळ रेघा ओढून. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला, ब्रश माळ्यावर गेले आणि माणूस मुका झाला. मग कुठूनसं हे होडीचं खूळ डोक्यात शिरलं आणि घरात पुन्हा शीळ ऐकू येऊ लागली. हात हलला तरी पातं जागचं हलत नाही, हीच तर या टेबलाची गंमत, असं तो येईल त्याला सांगे.

पट्टी अठरा फुटांची आणि स्वयंपाकघर दहा फुटांचं. त्यामुळे पट्टी खिडकीतून आत येई, टेबलावरून सरके आणि मागच्या दारानं अंगणात निघे. आत तो ढकलायला, दारात ती झेलायला. दुपारच्या उन्हात भुसा तरंगत राही, डब्यांवर, चहाच्या कपांवर अलगद उतरे. पट्टी येतच राही, संपतच नसे. तिला वाटे, घर केव्हाच पाण्यावर गेलंय आणि आपण दोघं मधे कुठंतरी संथ वाहत चाललोय. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पण पट्ट्या बिघडत होत्या. कडेला एका बाजूनं गोलाई आणि दुसऱ्या बाजूनं खाच हवी, म्हणजे एकीत दुसरी घट्ट बसते. इथं कडेवर नुसत्या लाटा उठल्या होत्या. सातवी पट्टी हातात घेऊन त्यानं बोट फिरवलं आणि यंत्र बंद केलं.

"सुरुवात चांगली होते. मग हात दमतो," तो म्हणाला. "ज्या सुतारानं लाकूड दिलं त्याला सांग, परत घेऊन जा म्हणावं."

तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. ती अंगणात पट्ट्या आवरायला बसली. पहिली पट्टी सहा विती गुळगुळीत, पुढे लाटा. दुसरीचंही तेच. सातही पट्ट्या मोजल्या, सातही सहाच विती. हात काय रोज मोजून दमतो? मग तिनं पात्यापासून दारापर्यंत विती टाकल्या. सहा भरल्या.

तिथंच तर ती उभी असे. त्याला त्रास नको म्हणून पट्टीचं टोक हाती आलं की ती गुपचूप ओढत होती. ओढता ओढता पट्टी उचलली जात होती, फळीपासून सुटत होती. गप्प बसून नुसतं ओढणं थांबवलं असतं तरी भागलं असतं. पण तो तिथं भिंतीकडे बघत, स्वतःच्या हाताला दोष देत पडला होता.

"अहो, तुमचा हात नाही बिघडवत. मी ओढत होते."

"का?"

"तुमच्यानं होणार नाही असं वाटलं मला."

तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. मग तो उठला, चपला शोधल्या आणि यंत्र सुरू केलं.

"नुसता तळहात खाली धर," तो म्हणाला. "येऊ दे."

आठवी पट्टी आली. तिच्या उघड्या तळहातांवरून ती पुढे सरकू लागली, आणि लाकडातून त्याच्या हाताची बारीक थरथर तिच्यापर्यंत पोचली. कड मात्र काचेसारखी होती. सहा विती झाल्या, सात, आठ. बोटं सवयीनं मिटायला बघत होती. तिनं ती मिटू दिली नाहीत.