चमचे पोलंडला गेले

सोमवारी संध्याकाळी कमलश्री मगदूमनं 'स्पून' हा शब्द शिकवला आणि घरातले सगळे चमचे पोलंडला गेले.

तिचा वर्ग ऑनलाइन होता. इचलकरंजीत, वडलांच्या घराच्या मधल्या खोलीत बसून ती पोलंडमधल्या मोठ्या माणसांना रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकवायची. इकडं दिवेलागण झाली की वर्ग भरायचा, तिकडं तेव्हा दुपार असायची. वर्गात पुढं पुढं करणाऱ्या म्हणजे बोझेनाबाई. सत्तरी उलटलेली, अंगात विटकरी स्वेटर, समोर पुस्तक उघडं. त्यांची मुलगी लग्न करून इंग्लंडात गेलेली आणि नातवाला पोलिश भाषेचा गंध नाही. आजीला नातवाशी बोलायचं तर आजीनंच इंग्रजी शिकायला हवं, दुसरं कोण शिकणार!

तर बोझेनाबाईंनी 'स्पून' म्हटलं. ओठांचा चंबू करून, अगदी नीट. स्वयंपाकघरात खळ्ळ झालं. बोझेनाबाईंनी हात वर केला, तर हातात स्टीलचा चमचा. मान वाकलेला. गुळाची ढेप फोडताना आप्पांनी वाकवलेला तो हाच.

"हा माझा नाही," बोझेनाबाई म्हणाल्या.

"माझा आहे," कमलश्री म्हणाली. "असू दे. आता वाक्यात वापरा."

शिकवायच्या बाबतीत ती अशीच होती. काम घेतलं ना, मग नीट करायचं. चमचे काय, गेले तर गेले. जेवायला बसल्यावर आप्पांनी ताटाभोवती हात फिरवला आणि विचारलं, "चमचा कुठं हाय गं?"

"चमचे पोलंडला गेले, आप्पा."

"कशाला?"

"ते तो शब्द शिकले म्हणून."

"बरं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी आमटीची वाटीच तोंडाला लावली. आप्पांनी सगळा जन्म मागावर काढला. धागा तुटला तर जोडायचा, त्यात आरडाओरडा कसला करायचा, असा त्यांचा स्वभाव.

मंगळवारी 'टॉवेल' गेले, बुधवारी 'बकेट'. मग मात्र कमलश्रीनं युक्ती केली. 'चेअर' शब्द तिनं मुद्दाम वेडावाकडा शिकवला. वर्गानं तो तसाच घोकला आणि खुर्चीची नुसती पाठ गेली, बूड राहिलं. पण पुस्तकासोबत कंपनीचं रेकॉर्डिंग यायचं. ते ऐकून सगळ्यांनी उच्चार सुधारला आणि दुसऱ्या दिवशी बूडही गेलं. वर बोझेनाबाईंनी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, काल तुमचा उच्चार चुकला होता." कमलश्रीला चमच्यांचं वाईट वाटलं नव्हतं इतकं याचं वाटलं.

पुढचा धडा वाक्प्रचारांचा. त्यात 'टेक युवर टाइम' होता, म्हणजे सावकाश होऊ दे, घाई नाही. वितोल्ड नावाचा एक ट्रामचालक वर्गात होता, त्याला तो फार आवडला. तो दिवसभर ट्राममध्ये तेच म्हणत बसला असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून घरातली दुपार गेली. आप्पा जेवून सुपारी कातरायला बसायचे, तोवर बाहेर दिवे लागलेले असायचे. दुपारच्या झोपेचा पत्ताच नाही. इतका राग त्यांना चमच्यांचा आला नव्हता.

"माझी झोप कोण घेऊन बसलंय?"

"वितोल्ड."

"काय करतो त्यो?"

"ट्राम चालवतो."

"झोपून कशी चालवतो?"

वितोल्डकडं आता दोन दुपारी होत्या. एकीत तो ट्राम चालवायचा, दुसरीत इचलकरंजीच्या उन्हात झोपायचा. वर्गाला यायचा तेव्हा गालावर उशीच्या वळ्या असायच्या आणि नाक उन्हानं सोललेलं असायचं.

तिनं पुण्याला कंपनीत फोन लावला. तिथं तेजल मॅडम होत्या. त्यांना कमलश्रीनं कधी पाहिलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला दिसावं कशाला लागतं?

"माझ्या घरातल्या वस्तू जातायत."

"हो," तेजल मॅडम म्हणाल्या, "काहींच्या जातात."

"मी काम सोडते."

"सोडा ना. ते पुस्तकावरून शिकतील. तुम्ही समोर असलात तर आज कुठला शब्द चाललाय, एवढं तरी तुम्हाला कळेल."

कमलश्रीनं फोन ठेवला. अंगाची नुसती लाही झाली होती. सासरी तिनं ऐकून घेतलं होतं, नवऱ्याचं ऐकून घेतलं होतं, आणि मग एक दिवस आपली भांडी टेम्पोत घालून सरळ माहेरी आली होती. तेव्हापासून तिचा एकच कायदा होता. आलं अंगावर तर घ्यायचं शिंगावर. कंपनी असो नाहीतर कंपनीचा बाप असो.

'प्लेट' शिकवून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. फळीवर उरलंसुरलं काय ते बघायला. ताटं निम्मी गेली होती. राहिलेली एकेक करून तिनं खाली काढली. प्रत्येकाच्या काठावर बारीक टिंबाटिंबांची अक्षरं होती. 'चि. सौ. कां. कमलश्री हिच्या विवाहात मामांकडून.' 'कै. रत्नाबाई मगदूम यांच्या स्मरणार्थ.' 'आक्काकडून आहेर.' नवरा टिकला नव्हता, मामांचं ताट टिकलं होतं. आपल्यात भांडं द्यायचं तर आधी त्यावर नाव घालून आणतात. 'ताट' असं कुणी घालत नाही. कुणाचं, कुणाकडून, कशाबद्दल, तेवढंच घालतात. आणि असलं एकही ताट पोलंडला गेलं नव्हतं.

ती तशीच चप्पल अडकवून भांड्यांच्या दुकानात गेली आणि नाव घालायचं मशीन घेऊन आली.

मग घरात नुसती टर्रर्र. मिळेल त्या वस्तूवर तिनं नाव घातलं. कपाटावर 'आईनं हट्टानं घेतलेलं'. दारावर 'दादगोंडा मगदूम यांनी बसवलेलं'. दादगोंडा म्हणजे आप्पांचे वडील. खिडकीवर 'आक्का इथं बसून केस विंचरायची'; आक्का म्हणजे कमलश्रीची आत्या. पंख्यावर काय घालावं सुचेना, तेव्हा आप्पा म्हणाले, "घाल की, पहिल्या बोनसाचा." शेजारीपाजारी म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. फिरू दे. त्या आठवड्यात वर्ग 'डोअर' शिकला, 'विंडो' शिकला, 'फॅन' शिकला, आणि घरातली फळीसुद्धा हलली नाही. वर्गानं पुन्हा पुन्हा म्हटलं. कमलश्री हाताची घडी घालून बसली होती. म्हणा म्हणा, म्हणाली मनात, घसा बसेस्तोवर म्हणा.

पश्चिमेकडची भिंत तेवढी गेली. ती कुणी बांधली ते आप्पांना आठवेना, आणि खोटं नाव घातलेलं भिंतीनं ऐकलं नाही. त्या बाजूनं आता शेजारच्या कारखान्याचे माग थेट घरात दिसायचे. वितोल्डनं कळवलं की त्याच्या बाल्कनीत एक हिरवट भिंत उभी राहिलीये, खिळ्यासकट आणि पालीसकट. पाल फार गुणी आहे म्हणाला.

आणि मग तेजल मॅडमचा फोन आला.

"शुक्रवारी कुटुंबाचा धडा आहे. मदर, फादर वगैरे."

"तो मी घेणार नाही."

"ठीक आहे. रेकॉर्डिंग आहेच."

घरात आप्पांशिवाय होतं कोण! ती मशीन घेऊन आप्पांपुढं बसली. त्यांचा हात मांडीवर घेतला. कातडी पातळ झालेली, वर मागाच्या तेलाचे जुने डाग.

"काय करतीस?"

"नाव घालते. दुखेल थोडं."

"मी काय घागर हाय व्हय?" आप्पांनी हात ओढून घेतला. "ठेव ते मशीन. जिता माणूस हाय मी. भांड्यावानी नाव घालून घ्यायचा न्हाई."

"नेतील तुम्हाला."

"नेऊ देत बघू. बर्फात उभा करतील, काय करतील? पण अंगावर लिव्हून घ्यायचा न्हाई म्हंजे न्हाई."

हट्टीपणा तिला कुणाकडून आला होता, हे तेव्हा आळीला दिसायला हवं होतं. तिनं विनवलं, रागावली, रडली. आप्पांनी कोऱ्या कातडीचा हात सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतला आणि विषय संपवला. गावाबाहेर कुठं नेऊन ठेवावं म्हटलं तर त्यानं काय होणार? बाप घराचा थोडाच असतो, तो लेकीचा असतो. जिथं बसवला असता तिथून गेलाच असता.

शुक्रवारी दिवेलागणीला तिनं आप्पांना स्वतःशेजारी पाटावर बसवलं, त्यांचा डावा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि वर्ग सुरू केला. पळून जाणाऱ्यातली ती नव्हती. जे व्हायचं ते डोळ्यांदेखत होऊ दे.

रेकॉर्डिंग सुरू झालं. 'ब्रदर'ला काही झालं नाही, तिला भाऊच नव्हता. 'मदर'ला आईचा फोटो हलला, पण फोटोखाली नाव होतं, तो खिळ्यावर राहिला. मग रेकॉर्डिंगनं पुढचा शब्द म्हटला. कमलश्रीनं आवाज बंद केला.

"हा शब्द आपण घेणार नाही," ती म्हणाली.

मग बोझेनाबाई म्हणाल्या, "का?"

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? कमलश्रीनं सांगून टाकलं. "हे माझे वडील. तुम्ही तो शब्द म्हटला की हे तुमच्याकडं येतील."

बोझेनाबाईंनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मान डोलावून नमस्कार केल्यासारखं केलं. वयानं दोघं फार पुढंमागं नसतील.

"मला नातवाला माझ्या वडलांबद्दल सांगायचंय," बोझेनाबाई म्हणाल्या; 'वडील' तेवढं त्यांनी पोलिशमध्ये म्हटलं. "ते लोहार होते. मी सहा वर्षांची असताना ते वारले, बर्फात, दारापर्यंत येऊन. त्याला यातलं काहीच माहीत नाही. मला तो शब्द हवाय, मॅडम."

"हवा असेल. पण माझा बाप तुम्हाला मिळायचा नाही."

"मला तुमचा नकोय. मला शब्द हवाय."

"शब्दाला कळत नाही ते."

बोझेनाबाईंनी पुस्तक मिटलं. त्यांना तो शब्द आधीच येत होता. घरी आरशासमोर उभं राहून त्यांनी तो पाठ केला असणार. त्यांनी डोळे मिटून हळूच म्हटलं, "फादर." मनापासून म्हटलं. त्यात जरासुद्धा चूक नव्हती.

आप्पांचा उजवा हात गेला. मनगट, मग कोपर. सदऱ्याची बाही रिकामी लोंबू लागली. स्क्रीनवर बोझेनाबाईंच्या टेबलावर तो हात आला, तेलाच्या डागांसकट, आणि चाचपडत त्यांच्या बोटांपाशी थांबला. बोझेनाबाईंनी तो धरला. कुणीही धरला असता.

"गार हाय तिकडं," आप्पा म्हणाले.

त्यांचा खांदा पुसट व्हायला लागला. कमलश्री उठून उभी राहिली. जन्मात तिनं बापाला आप्पा सोडून दुसरी हाक मारली नव्हती. थोरांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही घरची रीत. शाळेत बाईंनी वडलांचं नाव विचारलं तेव्हासुद्धा तिनं ते पाटीवर लिहून दाखवलं होतं.

"नेमगोंडा," ती म्हणाली. पुढं राव नाही, मागं श्री नाही. "नेमगोंडा दादगोंडा मगदूम."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. बापाचं नाव घेतीस, असं ते म्हणतील असं तिला वाटलं. त्यांनी नुसता तिचा हात दाबला. खांदा पुसट व्हायचा थांबला, पण हात परत आला नाही. बोझेनाबाईंनी तो धरून ठेवला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुमच्या वडलांचं नाव सांगा," कमलश्री म्हणाली.

"आम्ही त्यांना 'तातो' म्हणायचो."

"ते नको. नाव सांगा."

"नावानं मी त्यांना कधी हाक मारली नाही."

"मीही मारली नव्हती. आत्ता मारली ना? घ्या नाव. तुमचा बाप तुम्ही बोलवा, माझा सोडा."

वितोल्डनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारच्या कारखान्यातले माग एकदम बंद पडले, आणि त्या शांततेत बोझेनाबाईंनी तोंड उघडलं.

"ल्युद्विक," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, अंगणात हाक मारावी तशा म्हणाल्या, "ल्युद्विक."

त्यांच्या पाठीमागचं दार वाजलं. बाहेर कुणीतरी पायरीवर बूट आपटून बर्फ झाडत होतं.

बोझेनाबाई दार उघडायला उठल्या. आप्पांचा हात त्यांनी सोडला नव्हता. दुसरा हात कमलश्रीनं सोडला नव्हता.