अकरा बिरुदं आणि पळीभर शिसं

मी धोंडा बोलतोय. तोंड वाकडं करू नका. एके काळी माझ्यावाचून या शहरात मिरीचा दाणा इकडचा तिकडे होत नव्हता. तीन व्यापारी वाटा जिथे एकत्र येत, त्या वेशीच्या आत मापाची पडवी होती. पडवीत टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात माझी बैठक. मण म्हणजे किती, असं कुणी विचारलं की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. काही न करता नुसतं बसून एवढा मान मिळतो याचं मला आधी नवल वाटे. पुढे पाच साम्राज्यं पाहिली आणि नवल वाटेनासं झालं.

माझा जन्म नदीकाठच्या खाणीतला. पहिल्या राजाच्या पाथरवटाने एकाच काळ्या शिळेतून आम्हा दोघा भावांना घडवलं आणि घासून घासून अगदी सारख्या वजनाचं केलं. भावाला मखमलीत गुंडाळून राजवाड्याच्या कोठारात ठेवलं. खरं माप कुलपातच शोभतं, असं राजाचं मत होतं. मला वेशीवर धाडलं. एकाने लोळायचं आणि एकाने राबायचं, ही वाटणी आमच्या जन्माच्या दिवशीच झाली.

पण वेशीवर मजा होती, हे कबूल करतो. उंटांवरून रेशीम यायचं, गलबतांतून उतरलेली मिरी यायची, खाणीतलं मीठ यायचं. माणसं तर काय काय! कुणी उगवतीकडे तोंड करून प्रार्थना करी, कुणी मावळतीकडे, कुणी डोळे मिटून आतल्या आत. एकमेकांच्या हातचं पाणी चालत नसे, एकमेकांच्या देवाबद्दल तर बोलायलाच नको. तराजूची दांडी हलली की मात्र सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला. पारड्याला हळूच कोपर टेकवण्याची कला तर सगळ्या धर्मांना सारखीच येत होती.

आता माझं दुखणं सांगतो. पहिल्या राजाने माझ्यावर कमळ कोरलं होतं. दुसरा आला, त्याने ते खरवडून गरुड काढला. तिसऱ्याच्या धर्मगुरूंना पक्षी पाहून भोवळ आली, म्हणून गरुड घासून तिथे प्रार्थनेची ओळ आली. चौथ्याच्या धर्मगुरूंना प्रार्थना पसंत होती, भाषा पसंत नव्हती. पुन्हा छिन्नी. प्रत्येक जण मला पवित्र करून गेला आणि प्रत्येक वेळी खाली थोडा भुगा पडला. भुगा कुणी मोजला नाही. भावाशी माझी तुलनाही झाली नाही, कारण पळून जाणारा प्रत्येक राजा कोठाराची किल्ली घेऊनच पळे.

चौथ्या आणि पाचव्या राज्यात मापाचं काम एकाच मापाड्याकडे होतं. सरळ माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको पडवीच्या कोपऱ्यात शेगडी घेऊन बसायची. माल मोजून झाला की गाठोड्याच्या गाठीवर ती वितळलेलं शिसं ओतायची आणि त्यावर शिक्का दाबायची, म्हणजे वाटेत कुणी गाठ सोडली तर कळावं. तिला सगळे शिसेवाली म्हणत. नवरा दिवसभरात जेवढं बोले, तेवढं ती एका दमात बोलून मोकळी होई.

पाचव्या सम्राटाचा सुभेदार शहरात आला तो शिस्तीचा वारा अंगात घेऊनच. त्याने आल्या आल्या कोठाराचं दार फोडलं. भाऊसाहेब मखमलीतून बाहेर आले, अंगावर ओरखडा नाही. सुभेदाराने दवंडी पिटवली. बाजाराच्या दिवशी वेशीवरचं माप कोठारातल्या मापाशी ताडून पाहिलं जाईल. कमी भरलं, तर मापाड्याचा उजवा हात मनगटापासून तोडला जाईल.

एवढ्यावर थांबला असता तर तो सुभेदार कसला? त्याने त्याआधी माझ्यावर सम्राटाची अकरा बिरुदं कोरायचा हुकूम दिला. तीही खोल, म्हणजे शंभर वर्षं टिकतील अशी. ज्या दगडाचं वजन तपासायचं, तोच आधी पोखरायचा! हे शहाणपण फक्त दरबारात उगवतं.

कोरक्याने दोन दिवस छिन्नी चालवली. तो गेल्यावर मापाड्याने मला उचललं आणि त्याचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचा हात, त्याला कळणारच.

"अगं, हा हलका झालाय," तो म्हणाला.

शिसेवालीने माझ्याखालचा भुगा सुपात भरला आणि सूप त्याच्यापुढे धरलं. "झालाय म्हणजे? हा बघा ना इथे पडलाय. आणि मागच्या चौघांनी पाडला तो वेगळाच."

"सांगतो मी त्यांना. समजावून सांगतो."

"काय सांगणार? तुमच्या सम्राटाच्या नावामुळे दगड कमी झाला? मग हातासोबत जीभही मागतील."

"मग पळून जाऊ या. मिठाच्या काफिल्याचा म्होरक्या नेईल आपल्याला."

"नेईल की. आणि सुभेदार म्हणेल, बघा, चोरच होता. अहो, आयुष्यभर सरळ मापलंत. आता चोर म्हणून मरायचंय का?"

मापाडी आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसला. बाई पण बोलायची थांबली. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला खरंच भीती वाटली. मी दगड असलो तरी त्या हाताने मला वीस वर्षं पुसलं होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. पडवीपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका बाजूला जल्लाद आपलं पातं पुसत होता. दुसऱ्या बाजूला तिन्ही धर्मांचे व्यापारी होते. मापाड्यासाठी प्रार्थना करणारे बरेच होते, पुढे येऊन बोलणारा एकही नव्हता. भावाला एका पारड्यात ठेवलं, मला दुसऱ्यात. भाऊ झपकन खाली गेला आणि मी वर. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्यापेक्षा उंच झालो होतो. नको त्या वेळी.

सुभेदाराने जल्लादाला खूण केली.

"थांबा सरकार!" शिसेवाली पेटती शेगडी आणि पळी घेऊन पुढे आली. "काम अजून पुरं झालेलं नाही. अक्षरांत शिसं भरायचं राहिलंय."

"कसलं शिसं?"

"शिसं नको? एवढ्या मोठ्या सम्राटाची अक्षरं अशी धुळीने भरू द्यायची? मागच्या राजांची ठीक होती, साधी माणसं होती ती. आपल्या सम्राटांची अक्षरं चमकायला नकोत?"

आता सगळ्या बाजारादेखत सम्राटाची अक्षरं चमकायला नकोत, असं कोण म्हणेल? सुभेदाराने मान हलवली. ती मला पारड्यातच ठेवून पळीने शिसं ओतू लागली. मला चटके बसत होते, पण चकार शब्द काढला नाही. 'चारी दिशांचा धनी' भरलं. 'दोन समुद्रांचा स्वामी' भरलं. मी हळूहळू खाली येऊ लागलो. 'काफिल्यांचा रक्षक' भरलं. 'सूर्याचा धाकटा भाऊ' यातलं 'सूर्याचा' भरून झालं आणि दांडी सरळ झाली. अगदी सुतासारखी सरळ.

बाजाराने सुटकेचा श्वास सोडला. बाईने पळी शेगडीत ठेवली.

"पुढचं?" सुभेदार म्हणाला. "नुसतं 'सूर्याचा' काय? सूर्याचा कोण? भर पुढचं!"

"सरकार, आता बरोबर आहे. पुढचं भरलं तर माप जड होईल."

सुभेदार विचारात पडला. एका बाजूला खरं माप, दुसऱ्या बाजूला अर्धवट सम्राट. राजधानीहून कुणी पाहायला आलं तर? त्याने फार वेळ घेतला नाही. "भर!"

तिने अकराच्या अकरा भरली. मी खाली गेलो, भाऊ वर गेला. सुभेदाराने जाहीर केलं, सम्राटाच्या नावाचं माप ते खरं माप, कोठारातलं खोटं. खोट्या मापाची शिक्षा म्हणून उंटावर चढायची पायरी करायला भावाला वेशीबाहेर पुरलं. बिचाऱ्याने आयुष्यात काहीही केलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं. विकणारे चार दिवस ओरडले, घेणारे चार दिवस खूश होते. मग दोघेही आपापल्या कोपरांकडे वळले.

गर्दी पांगली. मापाडी अजून उभाच होता, हात छातीशी धरून. बाई त्याच्याकडे गेली. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि बाजाराच्या मधोमध हमसून हमसून रडली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आहे ना जागेवर? मग चला, शेगडी उचला. मला झेपत नाही आता."

ते साम्राज्य नऊ वर्षांत आटोपलं. पुढच्या फौजेने माझ्यातलं शिसं उकरून गोफणीचे गोळे केले. मग तराजू गेला, वेस गेली, मी मातीखाली गेलो. आता संग्रहालयात आहे. पाटीवर लिहिलंय, 'साम्राज्याचं अधिकृत प्रमाण वजन'. मला हसता येत नाही, हे बरंच आहे. सम्राटाचं नाव आहे, सुभेदाराचंही आहे. मापाड्याचं नाही. शिसेवालीचं तर नाहीच.

'रक्षक'मधल्या एका अक्षरात मात्र थोडं शिसं चिकटून राहिलंय. काल सफाईच्या विभागातली मुलगी भिंगातून ते पाहून साहेबांना म्हणाली, "सर, हे बाहेरचं दिसतंय. मूळ दगडातलं नाही."

"मग सोमवारी काढून टाक," साहेब चहा पिता पिता म्हणाले. "अक्षर स्वच्छ दिसेल."

पोरी, माझं ऐक. कमळ गेलं, गरुड गेला, दोन प्रार्थना गेल्या, मी काही बोललो नाही. हवी तर अकराही बिरुदं घासून टाक, सम्राट तक्रार करायला येणार नाही. पण तेवढं शिसं राहू दे. माझ्या अंगावर जे जे कोरलं, ते कुणी ना कुणी स्वतःसाठी कोरलं. एवढंच एक कुणीतरी दुसऱ्यासाठी भरलंय.