बंद केलेली पेटी

निलेशचे हात ओले होते, असं त्याचे वडील, दाजी, येईल त्याला सांगत होते. पेणच्या त्यांच्या कारखान्यात अर्धवट रंगवलेल्या गणपतींमध्ये माणसं दाटीने उभी होती. सकाळी निलेशला इथूनच दवाखान्यात नेलं, पण तिथे पोचण्याआधीच तो गेला.

“अंबरीश, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” दाजी म्हणाले. “पोराला हात पुसायचा कंटाळा.”

निलेशला ज्या पेटीचा शॉक बसला, ती अंबरीशने बनवली होती. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपली की वरसेच्या घरी त्याचा हाच छंद: विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवायचा आणि डायोडच्या माळेतून वीज एकाच दिशेने वाहायला लावायची. त्या दाबाने मखमलीची लव मूर्तीच्या शेल्यावर, ओल्या डिंकात उभी रुतते. निलेशने हट्टाने दोन पेट्या करून घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक हमरापूरच्या चुलतबहिणीला, मनस्वीला.

“चालू पेटीला हात लावला?” अंबरीशने विचारलं.

“नाय. बटण बंद करून चहाला आला. परत जाऊन लव उडते ती नळी साफ करायला घेतली, न् पडला.”

अंबरीश पेटीकडे वळला. बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती जिरवायला त्याने रेझिस्टर बसवला होता. चहा होईतो पेटी रिकामी व्हायला हवी होती. त्याने पेटी उघडून रेझिस्टरला मीटर लावला. आतून तुटलेला. एक डायोड एवढा दाब सोसणार नाही म्हणून त्याने डायोडची माळ केली होती. रेझिस्टर मात्र एकच लावला, तो किती तापेल एवढंच बघून, दाब सोसेल का ते न बघता. घरी तो बटण बंद केल्याबरोबर दांडीला बांधलेली तार टेकवून कपॅसिटर रिकामा करायचा. त्या सवयीमुळे रेझिस्टरचं काम कधी तपासलंच गेलं नाही. आणि दांडी त्याने कुणाला दिली नव्हती.

त्याने मनस्वीला फोन लावला. तिला अजून कुणी कळवलं नव्हतं.

“काय दादा, पेटी परत मागताय? नाय मिळायची.”

“चालू आहे?”

“आत्ताच बंद केली. नळी तुंबलीय.”

“हात लावू नकोस. बाहेर हो आणि दार ओढून घे.”

“बंद हाय म्हणते ना. थांबून मगच हात लावायचा, निलेशदादाने शिकवलंय. तो सतरांदा चुकतो, मी नाय.”

दाजी शेजारीच उभे होते. अंबरीशने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज हळू न करता बोलला.

“मनस्वी, पेटीत चूक आहे. माझी. बंद केल्यावरही ती मारते. निलेश चुकला नव्हता. त्याने सगळं सांगितल्यासारखंच केलं होतं.”

आसपासची माणसं वळून बघू लागली. दाजी पुढे झाले.

“दार ओढलं का तिने,” ते म्हणाले, “ते विचारा आधी.”

पलीकडे कडी लागल्याचा आवाज आला.

“ओढलं,” मनस्वी म्हणाली. “दादा, केलं होतं म्हणजे?”

अंबरीशने फोन दाजींपुढे धरला. दाजींनी तो घेतला नाही. “तुम्हीच सांगा,” ते म्हणाले.