धुणंघरातला हललेला फोटो

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो, आणि जन्मल्या दिवसापासून माझ्याच सख्ख्या भावावर जळत आलो आहे.

आम्ही दोघे एकाच दुपारचे. इंग्लंडच्या लँकाशायरमधल्या वेदरली गावाबाहेर गोरगरिबांच्या आणि बेवारस मुलांची एक मोठी शाळा होती. टिकल नावाचे फोटोवाले हातगाडीवर आपली कॅमेऱ्याची पेटी आणि फोटो उमटवायच्या काचा लादून तिथे आले. आधी त्यांनी बँडच्या मुलांचा फोटो घेतला. पितळी बटणं, चकचकीत तुताऱ्या, आणि एकाही पोराची पापणी हलली नाही. तो माझा भाऊ.

मग ते धुणंघराच्या अंगणात आले. तिथे मोठ्या मुली दिवसभर चादरी उकळत, पिळत, वाळत घालत. टिकलसाहेबांनी त्यांना भिंतीशी उभं केलं.

"मी 'झालं' म्हणेपर्यंत दगड व्हायचं! कळलं?"

मुली दगड झाल्या. मधोमध केझाया टॅपर होती, बाह्या कोपरापर्यंत सारलेली. आणि नेमकी त्याच वेळी तिची सात वर्षांची बहीण डॉर्कस वर्गातून पळून आली आणि तिच्या एप्रनला बिलगली. केझायाने मान वळवली नाही. नुसता हात खाली नेला आणि डॉर्कसचं मनगट पकडलं.

"ए कार्टे! अख्खी काच नासवलीस माझी!" टिकलसाहेब ओरडले.

दुसरी काच वाया घालवायला ते तयार नव्हते. म्हणून मी असा जन्मलो. सगळ्या मुली स्वच्छ, केझाया स्वच्छ, तिचा तो हातही स्वच्छ. आणि तिच्या शेजारी, हललेल्या डॉर्कसच्या जागी, दोन बुटांवर उभा असलेला धुराचा लोट.

माझा भाऊ सोनेरी चौकटीत बसून सभागृहात गेला. गिरण्यांचे मालक यायचे, पाद्री यायचे, त्याच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "वा, काय शिस्त लावलीये पोरांना!" मला पाहून मुख्य बाई, थर्कलबाई, म्हणाल्या, "हे भूत कुठे टांगू?" शेवटी त्यांनी मला धुणंघराच्या बोळात एका खिळ्याला अडकवलं. काच नाही, चौकट नाही. वाफेने माझे कोपरे मुडपले. सभागृहातून कौतुकाचे शब्द ऐकू आले की मी आतल्या आत करपायचो. एकाच पेटीतून निघालो ना आम्ही? मग त्याला सोनं आणि मला साबणाचा फेस का?

पुढच्या वसंतात, कॅनडातल्या शेतांवर कामाला पाठवायच्या लहान मुलींमध्ये डॉर्कसची निवड झाली. केझायाला कुणी विचारलं नाही. बोळाच्या दारातून मला अंगणातली गाडी दिसत होती. डॉर्कस बहिणीला सोडत नव्हती.

"रडारड केलीस तर तिलाच जड जाईल," थर्कलबाई केझायाला म्हणाल्या. "हात सोड आणि सरळ आत जा."

केझायाने हात सोडला. ती आत आली, माझ्याखालच्या भिंतीला टेकली आणि तोंडात एप्रनचा बोळा कोंबून रडली. गाडीतल्या डॉर्कसला ते दिसणं शक्य नव्हतं.

त्यानंतर ती रोज कपड्यांची टोपली घेऊन जाताना माझ्यापाशी थांबायची आणि त्या धुराच्या लोटाकडे पाहत राहायची. तुम्ही म्हणाल, मग झालं की तुझं समाधान! कसलं समाधान, मित्रांनो? मला 'वा' हवं होतं. भावाला मिळायचं तसं.

वर्षं गेली. केझाया धुणंघराची मुख्य झाली. एकदा बोळाला चुना द्यायचा निघाला आणि भिंतीवरचं सगळं जाळायला काढलं. तिने मला मागून घेतलं.

"हा कशाला?" थर्कलबाई म्हणाल्या. "बँडच्या फोटोची एक जादा प्रत आहे, ती ने. बघायला तरी बरी."

पुन्हा भाऊच आडवा!

"नको, बाईसाहेब. त्यात माझं कुणी नाही."

तेव्हा माझी जळजळ जराशी निवली. जराशीच. कारण तिच्या खोलीत शेगडीवरच्या फळीवर मी विसावलो नाही, तोच कॅनडाहून डॉर्कसचा फोटो आला. मोठी झालेली, पिसांच्या टोपीतली, नाकाडोळ्यांनी नीटस. केझायाने तो माझ्या पुढ्यात ठेवला. पुढ्यात! माझ्याच अंगावरचा डाग, आणि आता मलाच झाकून बसला होता.

मग एका उन्हाळ्यात डॉर्कस स्वतःच आली. चहा झाला, केक झाला, बोलणं मात्र सुटेना. अखेर तीच म्हणाली, "तू मजेत राहिलीस, केझी. आपलं गाव, आपली माणसं. मी परक्यांच्या गोठ्यात वाढले. किती हेवा केला मी तुझा!"

"माझ्या हातात काय होतं गं?"

"माझा हात होता. तो सोडलास तू. वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

केझाया उठली. टोपीवाल्या फोटोमागून तिने मला काढलं.

"तू गेलीस तेव्हा तुझं म्हणून एवढंच होतं माझ्यापाशी."

"यात मी कुठंय?"

"तो धूर दिसतोय ना? ती तू."

"ही मी? अगं बाई, भूतच की!" डॉर्कस हसली. मग हसता हसता थांबली. तिने मला खिडकीपाशी नेलं. "हा हात कुणाचा?"

"माझाच."

माझ्यातल्या त्या हाताची बोटं आवळून पांढरी पडली आहेत. डॉर्कसने त्यांच्यावर आपलं बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आठवतंय मला. दुखलं होतं गं. केवढं घट्ट धरलं होतंस!"

"मग! पळाली असतीस ना!"

आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

थोड्या वेळाने भांडणाला तोंड फुटलं. माझ्यावरून!

"हा मी नेणार."

"वा गं वा! इतकी वर्षं सांभाळला मी!"

"तुला माझा टोपीवाला आहे की!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी भांडत होतं. मी नुसता ऐकत राहिलो. शेवटी माझी प्रत काढायचं ठरलं. प्रत आली ती माझ्यापेक्षा गोरी आणि सरळ कोपऱ्यांची. झालं, पुन्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. केझायाने ती प्रत डॉर्कसपुढे धरली. पण डॉर्कसने मान हलवली आणि मलाच उचलून छातीशी धरलं.

आता मी कॅनडात, तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर असतो.

तर मित्रांनो, घरात एखादा हललेला, डागाळलेला फोटो असेल तर तो फेकू नका. त्यात कोण आहे ते आजच मोठ्या माणसांना विचारून घ्या. त्याला काच लावा, वाफेपासून जपा. आणि एक विनंती माझ्याकडून: त्याच्या शेजारी दुसरा फोटो टांगू नका. आम्हाला नाही सहन होत.