तिसऱ्या आवाजाची ओळ

लोक मनातलं बोलतात आणि मी ते टाइप करते, हे माझं काम. आमच्या दवाखान्यात दोन खोल्या आहेत. एकीत डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून देतात. दुसरीत त्यांचे धाकटे भाऊ, समुपदेशक, माणसांना बोलतं करतात. त्यांना मी मनातल्या मनात कानसेन म्हणते, कारण दिवसभर दुसऱ्याचं ऐकूनही या गृहस्थाला कंटाळा म्हणून येत नाही. उपचार कशाला म्हणायचं यावरून बहीणभावांमधून विस्तव जात नाही. बोलून कुणाचा ताप उतरलाय का, असं बाई विचारतात. गोळीने माणूस गप्प होतो, बरा होत नाही, असं कानसेनांचं म्हणणं. दोन खोल्यांच्या मधल्या पट्टीत माझं टेबल आहे. मला दोघांचंही पटायचं, फक्त स्वतःला यातल्या कशाचीच गरज नाही अशी खात्री होती. माझी थोरली बहीण, ताई, वारली, त्याच्या पाचव्या दिवशी मी इथे हजर होते आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. लोक त्याला खंबीर म्हणाले. मीही तेच म्हणाले.

आमची पद्धत अशी. पेशंटची सही घेऊन कानसेन बोलणं रेकॉर्ड करतात, हेडफोन लावून मी ते कागदावर उतरवते आणि कागद बाईंकडे जातो. तो वाचून औषध द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे त्या ठरवतात. कानसेन कागदाला हात लावत नाहीत. मी तिथेच होतो की, वाचायचं काय, असं म्हणतात.

इथे येण्याआधी बावीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. तिथे साक्षीदार, वकील, न्यायाधीश यांची ओळ वेगळी, आणि मागून कुणी काही बोललं, मग तो पट्टेवाला का असेना, तर तेही लिहायचं. बोलणारा माहीत नसला की समोर ‘अन्य’ टाकायचं. ऐकलेलं गाळायचं नाही आणि कोण बोललं याच्या चौकशा आपण करायच्या नाहीत, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळलेली.

चष्म्याच्या काचा घासणारी एक बाई आठ आठवडे येत होती. तिची आई वारली होती आणि शेवटचा फोन हिने कामाच्या गडबडीत उचलला नव्हता. पहिल्या वेळी ती जवळजवळ गप्पच होती. हळूहळू बोलू लागली, रडली, एकदा तर आईच्या घोरण्याची नक्कल करून स्वतःच हसली. कानसेन खूश होते. झोप लागावी म्हणून बाईंनी दिलेली अर्धी गोळीसुद्धा आता बंद करू, असं चाललं होतं.

पाचव्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ती थांबली असताना कुणीतरी बोललं. बायकी आवाज, दमलेला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. ‘कोण आहे तिकडे?’ मी सवयीप्रमाणे टाइप केलं: अन्य, कोण आहे तिकडे. सहाव्या आठवड्यात ‘येतेस ना?’ असं दोनदा. सातव्यात नुसता श्वास आणि मग ‘अगं’. टाइप करताना माझी बोटं गार पडायची. खिडकीतून वारा येतो म्हणून मी खिडकी लावून घेतली. दार वाजवून कुणी आत गेलं असेल, अशी मी समजूत घातली. कानसेनांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कोर्टात आम्ही विचारत नसू.

बाईंनी मात्र त्या ओळी वाचल्या आणि त्यांना वाटलं, पेशंट आईच्या आवाजात बोलते आहे, म्हणजे तिला आवाज ऐकू येतात. त्यांनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. असे पेशंट लपवतातच, असं म्हणून बाईंनी वेगळी, जास्त ताकदीची गोळी सुरू केली.

आठव्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. चेहरा सुजलेला, जीभ जड, आणि दोन्ही हातांना कंप. काच घासताना हात अर्ध्या केसाएवढा हलला तरी काच वाया जाते. मालकाने तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. ती अजिजीने म्हणाली, “आई कधी ऐकू आली असती तर मी तुमचे पाय धरले असते. मला कुणीच ऐकू येत नाही हो.”

मला रागच आला. माझी ओळ खोटी म्हणते म्हणजे काय? मी तिच्या कानांना हेडफोन लावला, सहावा आठवडा काढला आणि ती जागा लावून दिली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, इथे तर मी रडत बसले होते, बाकी काही नाही. मी कानसेनांना बोलावलं. त्यांनी तीनदा ऐकलं आणि मान हलवली. शेवटी मी हेडफोन ओढून घेतला आणि स्वतः ऐकलं. आवाज होता, पूर्वीपेक्षा जवळ, आणि या वेळी आधी नाव होतं. ‘ठमे, येतेस ना?’

मला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

गलका ऐकून बाई बाहेर आल्या. सगळं समजून घेऊन त्यांनी निकाल दिला: आवाज बारीक असेल, साध्या कानाला लागत नसेल. “या बावीस वर्षं कोर्टात होत्या. यांची ओळ चुकत नाही. गोळी चालू राहील.”

इतकी वर्षं हे कुणीतरी म्हणावं म्हणून माझा जीव टांगलेला होता. मी ब्र काढला नसता तर मान राहिला असता, नोकरी राहिली असती. समोर तिचे हात थरथरत होते. ती ते एकमेकांत धरून ठेवायला बघत होती आणि ते काही धरले जात नव्हते.

“ओळ चुकलेली नाही,” मी म्हटलं. “पण तो आवाज हिला येत नाही. मला येतो.”

बाईंनी तिचा कागद मागवून तिथल्या तिथे औषध खोडलं, हात महिन्याभरात पूर्ववत होतील असं सांगितलं आणि मालकासाठी चिठ्ठी लिहून दिली. तिने जाताना माझ्या खांद्याला हात लावला. मला माफी मागायची होती. ती राहूनच गेली.

मग त्या दोघांनी मला कानसेनांच्या खोलीत नेऊन बसवलं. समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतीकडे तिसरी, रिकामी. बाईंनी तळहातावर गोळी ठेवली. रोज एक घेतली की आठ-दहा दिवसांत आवाज विरून जाईल, म्हणाल्या. कानसेन म्हणाले, आधी बोला. मग मी बोलले, जे पाचव्या दिवशीही बोलले नव्हते, कुणाजवळच नाही. ताई आतल्या खोलीत अंथरुणावर होती. मी काम घरी आणलं होतं आणि हेडफोन लावून कुणा परक्या माणसाचं दुःख टाइप करत होते. दोन तासांनी उठले तेव्हा ती अर्धी पलंगावरून खाली लोंबकळत होती, तोंड दाराकडे करून. तिने किती हाका मारल्या असतील, हे मला कधीच कळणार नाही.

“तिला काय हवं असेल?” कानसेनांनी विचारलं.

मला सांगावं लागलं नाही. हेडफोन बाहेर टेबलावर होता, तरी भिंतीकडून स्वच्छ ऐकू आलं. ‘पाणी.’

मी उठून माठातलं पाणी ग्लासात घेतलं. गोळीसाठीच घेतलं असं समजून बाई म्हणाल्या, “घ्या.” त्याच क्षणी मागून ताई म्हणाली, “दे.”

ग्लास मी रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि गोळी कोरडीच गिळली. ती घशाला चिकटत, खरवडत खाली गेली. कानसेन खुर्चीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. ग्लासातलं पाणी बोटभर खाली आलं होतं.

“सावकाश पी गं,” मी ताईला म्हटलं. “काही घाई नाही.”

आठ-दहा दिवस होते. ते मी तिला सांगितलं नाही.