जेवणाच्या टेबलावरची परीक्षा

सुमंतच्या फोनमध्ये व्यसनमुक्ती दवाखान्याचं ॲप आहे. संध्याकाळी ते वाजलं की माझा लेक एका छोट्या यंत्रात फुंकतो, फोन त्याचा फोटो काढतो आणि दारू प्यायलाय की नाही ते समुपदेशक बाईंना आणि सुनेला, आश्लेषाला, तिथल्या तिथे कळतं. हिरवं आलं तर तो मुलीला, हिमानीला, डान्स क्लासला गाडीनं नेतो. लाल आलं तर आश्लेषा तिला घेऊन दूर जॉर्जियात, अल्फारेटाला भावाकडे जाणार, असं ठरलेलं. उन्हाळाभर लाल आलं नव्हतं.

त्या शनिवारी माझी नणंद मंजुषा पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आलेली. पानं वाढत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"आत जाऊन कर रे," वन्सं म्हणाल्या. "महाराष्ट्र मंडळातले प्रसाद-कांचन येतील जेवायला. मंडळात बभ्रा होईल."

सुमंत बाथरूममध्ये गेला. आश्लेषानं आपला फोन पाहिला. लाल. तिनं बॅग काढली.

"मी प्यायलो नाहीये," सुमंत बाहेर येऊन म्हणाला.

"लास्ट इयरपण हेच म्हणाला होतास."

"मग डिलीटच करतो ॲप. न पिता लाल, तर पिऊन काय बिघडलं?"

"आत्ता काय घेतलंस तोंडात?" मी विचारलं.

"आत्यानं द्राक्षासव दिलं. बस."

"भूक लागत नाही म्हणाला," वन्सं म्हणाल्या. "औषध आहे ते. आपण पोरांनासुद्धा देतो."

"वन्सं, ते आंबवलेलं असतं. त्यात अल्कोहोल असतं."

"आई, त्याला कव्हर करू नका," आश्लेषा म्हणाली. "दरवेळी करता."

मी वाद घातला नाही. बाटलीतलं दोन चमचे घेतलं, गिळलं आणि यंत्र मागितलं.

"अगं आई, तुझा फोटो जाईल क्लिनिकला," सुमंत म्हणाला.

"जाऊ दे. नीट काढ म्हणावं."

मी फुंकलं. फोनवर माझं कुंकू, माझा चष्मा आणि खाली लाल पट्टी.

लगेच समुपदेशक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. ही कोण, म्हणून विचारत होत्या. आश्लेषानं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंडात राहिलेल्या औषधानंही असं होतं. दोघांनी चूळ भरा, वीस मिनिटं काही खाऊ नका, मग पुन्हा फुंका.

इतक्यात बेल वाजली.

"सुमंत, वर जा," वन्सं कुजबुजल्या.

"तो इथंच बसेल," मी म्हटलं आणि दार उघडलं. "या. सुमंतनं दारू सोडलीय. त्याची परीक्षा व्हायचीय, तोवर तो जेवणार नाही. मीही नाही. तुम्ही सुरू करा."

प्रसाद चपला काढता काढता थांबला. कांचन म्हणाली, "आम्हीपण थांबतो, काकू. भात काय, पुन्हा गरम करता येतो."

आश्लेषा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. बॅग मांडीवर.

वेळ झाली तेव्हा सुमंतनं फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि सगळ्यांदेखत फुंकलं. हिरवं. मग मी. हिरवं.

आश्लेषा उठली. बॅग तिथंच राहिली. तिनं गाडीची किल्ली सुमंतच्या ताटाशी ठेवली.

"जेवून घे पटकन. क्लासला उशीर होईल."

वन्सं माझ्या कानाशी आल्या. "आता मंडळात कळणार सगळ्यांना."

"कळू दे," मी त्याला भात वाढत म्हटलं. "गणपतीलाही तो ते यंत्र घेऊन येणार आहे. आरती चालू असताना वाजलं, तर तिथंच फुंकेल."